न घेतलेली हरकत

आजच्या अंकात क्रीडा पानावर उद्याच्या सामन्याचा अंदाज छापून आला आहे. सांगली विरुद्ध सातारा, महाविद्यालयीन मुलींचा बास्केटबॉल, अंतिम सामना, साताऱ्याचे मैदान. वार्ताहराने साताऱ्याच्या दोन उंच मुलींची उंची दिली आहे, सांगलीच्या मुलींच्या चपळाईचे कौतुक केले आहे, दुपारनंतर किल्ल्याच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा उल्लेखही केला आहे. इथवर माझी तक्रार नाही. परंतु पुढे त्याने लिहिले आहे की, या दोन संघांमधली चुरस नेमकी कशामुळे एवढी वाढली, हे सांगणे कठीण आहे. कठीण कोणासाठी? ज्याने दोन माणसांना विचारण्याचीही तसदी घेतली नाही, त्याच्यासाठी! संपूर्ण मजकुरात शालन पवार हे नाव एकदाही नाही. मी तत्काळ संपादकांना पत्र लिहावयास घेतले. चौथे पान उलटल्यावर माझ्या ध्यानात आले की, एवढे पत्र कोणीही छापणार नाही, आणि छापू नये. सबब हा मजकूर पत्र म्हणून नव्हे, तर साक्ष म्हणून वाचावा.

पवारबाई सांगलीतल्या मुलींच्या महाविद्यालयात क्रीडाशिक्षिका होत्या. मूळच्या कुंडलच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. निवृत्त झाल्या आणि गावी परतल्या, तिथेच गेल्या हिवाळ्यात अल्पशा आजाराने वारल्या. मी त्यांचा नातलग नव्हे, सहकारीही नव्हे. मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला मनुष्य, आणि माझ्या घराची मागची भिंत त्यांच्या बास्केटबॉलच्या मैदानाला लागून आहे. आमची ओळख झाली ती माझ्या तक्रारीमुळे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले होते. विषय: पहाटे साडेपाच वाजल्यापासून होणारा चेंडूचा असह्य आवाज. पत्राच्या प्रती महानगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला. ध्वनीविषयक नियमांचा उतारा सोबत जोडलेला. उत्तर येणार नाही याची मला खात्री होती आणि दुसऱ्या पत्राचा मसुदाही तयार होता. चौथ्या दिवशी सकाळी दारात एक बुटकी, सावळी, पन्नाशीच्या आतबाहेरची स्त्री उभी. नऊवार नव्हे, साधी पाचवार साडी, तिच्यावर पुरुषी जाकीट, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली शिट्टी. हातात माझे पत्र.

"सायेब, तुमचं पत्र वाचलं. लय झ्याक लिवलंय," त्या म्हणाल्या. "पन त्यात एक चूक हाय."

माझ्या पत्रात चूक! मी काही बोलण्याच्या आत त्यांनी पत्रावर बोट ठेवले. "हितं साडेपाच लिवलंय. आमी पाच वीसला सुरू करतो. दहा मिंटं तुमी आमाला फुकट सोडलीसा. दुरुस्त करून घ्या, न्हाईतर उद्या चौकशीला कुनी आलं तर तुमीच खोटं पडाल."

चाळीस वर्षे मी न्यायालयात काढली. पक्षकार पाहिले, साक्षीदार पाहिले, वकील तर रोजच पाहिले. आपल्याविरुद्धच्या अर्जातली त्रुटी आपल्याला अडचणीची ठरेल अशा रीतीने दुरुस्त करून देणारा प्रतिवादी मी पाहिला नव्हता. मी त्यांना आत बोलावले. चहा नको म्हणाल्या, पण बसल्या, आणि विचारले, "कुठला आवाज लागतोय? टप्प्याचा, का बोर्डाचा?"

मी म्हटले, आवाज तो आवाज, त्यात पोटकलमे नसतात.

"असत्यात की. टप्पा कसा, एका सुरात पडतो. मानूस त्याच्यावर झोपंल. बोर्ड खडखडतोय, त्यो झोप मोडतोय. उद्या सकाळी ध्यान देऊन ऐका."

दुसऱ्या दिवशी मी ऐकले. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. त्याच दुपारी खिडकीतून पाहिले, तर बाई स्वतः शिडीवर चढून, साडीचा पदर खोचून, मोठ्या पान्याने रिंगमागच्या बोर्डाचे बोल्ट आवळत होत्या. शिडी धरून उभ्या असलेल्या मुलींपैकी एक ओरडली, "मॅडम, शिपाईमामाला सांगायचं ना!" वरून उत्तर आले, "तक्रार माज्या नावानं आलीया, का मामाच्या?"

वस्तुतः तक्रार प्राचार्यांच्या नावे होती. तरीही मी ती मागे घेतली. मागे घेतल्याचे पत्रही नोंदणीकृतच पाठवले.

त्यानंतर माझ्या नकळत मी त्या मैदानाचा बिनपगारी कारकून होऊन बसलो. स्पर्धेचे प्रवेशअर्ज, खेळाडूंच्या पात्रतेची प्रमाणपत्रे, विद्यापीठाची परिपत्रके हे सारे बाई भिंतीवरून माझ्याकडे देत. नियमांचे पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचून काढले, समासात टिपा लिहिल्या. त्याबद्दल त्यांनी माझे आभार कधी मानले नाहीत. "सायेब, ह्यात कुठं अडकंल का बगा," एवढेच म्हणत, आणि मी जे सांगेन ते निमूट मान्य करीत. एक अपवाद सोडून. त्याकडे मी येणारच आहे.

बाई बैठकीला गेल्या की शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत. मैदानात उतरल्या की कुंडल तोंडात येई. त्यांची शिकवण्याची रीत मला अनेक दिवस कळली नाही. त्या चेंडूकडे बघतच नसत. सगळा खेळ चालू असता त्यांची नजर जमिनीवर, मुलींच्या पायांवर. "तोंड खोटं बोलंल, हात खोटं बोलंल, पाय न्हाई बोलायचा," हे त्यांचे वाक्य. चुकलेल्या मुलीला त्या रागावत नसत. तिच्याजवळ जात, बुटाच्या टोकाने तिचा पाय दोन बोटे सरकवत, आणि परत फिरत. ती मुलगी पुन्हा चेंडू टाकी आणि तो जाळीतून जाई. हे मी एवढ्या वेळा पाहिले आहे की, तो योगायोग होता असे कोणी म्हटल्यास मी त्याला खुशाल खोटे ठरवीन.

मुरगळलेल्या घोट्यावर बाईंचा एकच उपाय. गरम हळदीचा लेप. हळदीच्या पेठेतला एक व्यापारी त्यांना दर हंगामाला पिशवीभर हळद आणून देई. त्यामुळे सांगलीच्या संघातल्या दोन-तीन मुलींचे घोटे नेहमी पिवळे असत, आणि साताऱ्याच्या प्रेक्षकांना आयते हत्यार मिळे. आमच्या मुली मैदानात आल्या की कठड्यावरून आरोळी येई, "हळद लागली गं पोरींनो! आता सासरी जावा, खेळताय कशाला?"

पहिल्या वेळी मी संतापाने उठून उभा राहिलो. संयोजकांना लेखी निवेदन देण्याच्या विचारात होतो. बाई शांतपणे कठड्याकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आवं, आलोय की सासरीच! मानपानाचं बगा आता. पेढं कुठायत?"

सगळा कठडा हसला. साताऱ्याचे प्रशिक्षक जगताप सर, उंच, शिस्तीचे आणि एरवी फारसे न हसणारे गृहस्थ, तेही हसले. पुढच्या वर्षीपासून साताऱ्यात पाय ठेवला की पेढ्याचा पुडा बाईंच्या हातात येऊ लागला. सामना मात्र साताराच जिंके. सांगलीच्या मैदानावर आमचा संघ साताऱ्याला हरवी. साताऱ्याच्या मैदानावर बाईंच्या संघाला एकदाही विजय मिळाला नव्हता. पेढे हातात घेऊन बाई म्हणत, "सर, गोड लागतोय, पन गिळत न्हाई. एकदा जिंकून खायाचाय." ते त्या हसत म्हणत, परंतु ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. माझ्याजवळ त्यांनी एकदाच स्पष्ट बोलून दाखवले. "सायेब, नोकरीत मला दुसरं कायबी नगं. साताऱ्यात एकदा. बास."

आता ऋतुजाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढची हकिकत तिच्याशिवाय होत नाही. ऋतुजा मोहिते पलूस तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांची मुलगी, महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणारी. पहिल्या वर्षीच तिचे वडील तिला संघातून काढून नेण्यासाठी आले. हरकत पोशाखाला होती. आमच्या घराण्यात मुली अर्ध्या चड्डीवर चारचौघांत फिरत नाहीत, असे ते ताठ उभे राहून सांगत होते. मी भिंतीपाशी होतो. मनात समानतेच्या कलमांची जुळवाजुळव चालू होती.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सुभेदारसायेब, परेडला कवा धोतर नेसून गेलतासा का?"

"परेडला? परेडला युनिफॉर्म असतो."

"मग हितं काय हाय? हितं बी परेडच हाय. युनिफॉर्म मी न्हाई काढला, नियमानं ठरलाय. तुमी हुकूम मोडला असता का?"

सुभेदारांच्या टाचा आपोआप जुळल्या. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "सकाळी किती वाजता रिपोर्ट करायचं?"

"पाच वीस."

"पाच दहाला पोचेल," ते म्हणाले, आणि खरोखर पोचत राहिली. तिसऱ्या वर्षी ती संघाची कर्णधार झाली.

आता तो अपवाद. फार पूर्वी बास्केटबॉलमध्ये असा नियम होता की, फाऊल करणाऱ्या खेळाडूने हात वर करून तो आपला असल्याचे दाखवायचे. पुढे तो नियम गेला. बाईंनी तो ठेवला. त्यांच्या मैदानावर मुलीचा धक्का लागला, हातावर हात पडला, की तिने हात वर करायचा. शिट्टी वाजो न वाजो. पंचाने पाहिलेले असो वा नसो. जिने हात केला नाही तिला शिक्षा नसे. बाई फक्त खेळ थांबवत आणि थांबलेल्याच राहत. मिनिट, दोन मिनिटे. कोणाचा तरी हात वर जाईपर्यंत.

मी या प्रकाराला कडाडून विरोध केला. लेखी केला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर करता येणार नाही, हे या देशाच्या संविधानात लिहिले आहे, आणि जे खुनाच्या आरोपीला लागू आहे ते बी.ए.च्या विद्यार्थिनीला लागू नाही, असे म्हणता येणार नाही! नियम रद्द झालेला आहे. पंच नेमलेला आहे. पाहणे हे त्याचे काम आहे. बाईंनी तो कागद नीट वाचला, घडी केली आणि जाकिटाच्या खिशात ठेवला.

"तुमचं बराबर हाय," त्या म्हणाल्या.

"मग बंद करा."

"पोरी आरोपी असतील तवा करीन."

यावर माझ्याकडे उत्तर होते. आजही आहे. परंतु ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

बाईंच्या नोकरीचे शेवटचे वर्ष. अंतिम सामना पुन्हा साताऱ्यात, पुन्हा साताऱ्याशी. जिंकणाऱ्या संघातून विद्यापीठाच्या संघात मुली जास्त घेतल्या जातात, हे सगळ्यांना ठाऊक होते. ऋतुजाचेही ते शेवटचे वर्ष. आम्ही सकाळच्या एस.टी.ने कराडवरून साताऱ्याला गेलो. वाटेत मुली गाणी म्हणत होत्या. बाई पुढच्या सीटवर चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कराड येईपर्यंत त्या तोच तोच चेंडू दाबून हवा तपासत होत्या.

सामन्याचे वर्णन मी करणार नाही, माझ्या टिपणांत ते सतरा पाने आहे. वारा होता. साताऱ्याच्या उंच मुली रिंगखाली भिंतीसारख्या उभ्या राहिल्या आणि आमच्या मुली त्यांच्या कोपराखालून पळत राहिल्या. शेवटच्या मिनिटात सांगली एका गुणाने पुढे होती. सहा सेकंद उरले असताना साताऱ्याच्या सर्वांत उंच मुलीने रिंगखाली चेंडू घेतला आणि वर उडी मारली. ऋतुजा तिच्यासमोर उडाली. चेंडू रिंगला लागून परत आला, तो ऋतुजानेच झेलला. पंच पलीकडच्या बाजूला होते, मधे दोन मुलींच्या पाठी. शिट्टी वाजली नाही. आता फक्त चेंडू घट्ट धरून उभे राहायचे होते. जेमतेम चार सेकंद!

ऋतुजाने चेंडू डाव्या काखेत घेतला आणि उजवा हात वर केला.

मला वाटते तिने तो केला नाही, तो झाला. तीन वर्षे रोज पहाटे जो हात वर जात होता तो तसाच गेला. पंचांनी त्या हाताकडे पाहिले, गोंधळले, आणि शिट्टी वाजवली. साताऱ्याला दोन फ्री थ्रो. दोन्ही आत. आता सातारा एका गुणाने पुढे. उरलेल्या सेकंदांत आमच्या मुलींनी चेंडू ऋतुजाकडे पोचवला. तिने तो अर्ध्या मैदानावरून टाकला. चेंडू रिंगवर टेकला, कडेवरून एक फेरी घेतली आणि बाहेर पडला.

सांगली हरली.

लोक मैदानात धावले. मी गुणलेखकांच्या टेबलाकडे धावलो, या वयात. तेथे पंच जगताप सरांना सांगत होते ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले. "खरं सांगतो सर, मी पाहिलं नव्हतं. तिनंच हात केला, मग मी काय करणार?"

मला एवढेच हवे होते! पंचाने न पाहिलेला फाऊल दिला गेला होता. हा निर्णयाचा प्रश्न नव्हता, कार्यपद्धतीचा होता, आणि त्यावर हरकत घेता येत होती. कर्णधाराने पाव तासाच्या आत गुणपत्रिकेवर हरकतीची सही करायची, पुढची कारणे लेखी द्यायची. कारणे मी उभ्या उभ्या लिहून काढली. आजही सांगतो, तो अर्ज कोणत्याही समितीपुढे टिकला असता. साताऱ्यातला विजय सांगलीच्या नावे लागला असता. जगताप सरांनी अर्जावर नजर टाकली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "साहेब, हा अर्ज गेला तर आम्ही हरतो."

मी अर्ज घेऊन बाईंकडे गेलो. त्या बाकावर बसून चेंडू जाळीत भरत होत्या. मी सांगितले. पंचाचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. त्यांनी हात थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी इतक्या जवळून पाहिले की त्याविषयी मला शंका नाही. त्यांना तो विजय हवा होता. भुकेलेल्याला अन्न हवे असते तसा हवा होता.

"सही कुनाची लागती?" त्यांनी विचारले.

"कर्णधाराची."

"मग मला काय इचारताय? तिला इचारा."

ऋतुजा नळापाशी तोंड धूत होती. डोळे लाल. मी तिला सगळे समजावून सांगितले, न्यायालयात सांगावे तसे, मुद्देसूद. तिची काही चूक नाही. हात वर करणे हा नियमानुसार पुरावा होत नाही. पंचाने स्वतः कबूल केले आहे. तिची एक सही, आणि बाईंची इतक्या वर्षांची इच्छा पुरी होते, तिची स्वतःची निवडही. मी पेन उघडून तिच्यापुढे धरले.

तिने जर्सीच्या टोकाने तोंड पुसले. अर्ज हातात घेऊन पूर्ण वाचला. बाईंकडे एकदा पाहिले. बाई मान खाली घालून जाळीची गाठ मारत होत्या. ऋतुजा माझ्याकडे वळली.

"सर, सगळं बरोबर आहे हो," ती म्हणाली. "पन मी मारलं होतं की तिला."

मी पेन मिटले. एवढ्या वर्षांत माझ्या लेखी युक्तिवादाला इतके छोटे आणि इतके पूर्ण उत्तर मला कोणी दिले नव्हते. माझा पहिला विचार रागाचा होता, हे मी लपवत नाही. दुसरा विचार यायला कराडपर्यंतचा रस्ता लागला.

परतीच्या बसमध्ये कोणी गात नव्हते. बाईंनी ऋतुजाला आपल्याजवळ बसवून घेतले होते. त्या तिच्याशी काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. एकदा ऋतुजा रडली आणि थोड्या वेळाने दोघी कशावर तरी हसल्या. कराडच्या स्टँडवर बस थांबली. बाई तिथे उतरल्या, त्यांना कुंडलची गाडी धरायची होती, घरी आई आजारी होती. चेंडूंची जाळी त्यांनी ऋतुजाच्या हवाली केली. माझ्या सीटपाशी क्षणभर थांबल्या.

"सायेब, अर्ज जपून ठेवा," त्या म्हणाल्या. "लय चांगला लिवलाय."

मग खाली उतरून गर्दीत गेल्या. आमची बस अजून उभी होती, कंडक्टर कोणाची तरी वाट बघत होता. मी खिडकीतून पाहिले. कुंडलच्या गाडीच्या फलाटावर, गाठोडी घेऊन बसलेल्या बायकांच्या कडेला, बाई उभ्या होत्या. आमची बस गेली असे त्यांना वाटले असावे. त्यांनी दोन्ही हात छातीपर्यंत आणले, रिकामे, आणि समोरच्या हवेत एक चेंडू टाकला. अगदी हळू. मग उजवा पाय दोन बोटे पुढे सरकवला आणि पुन्हा टाकला. शेजारच्या म्हातारीने वर पाहिले आणि गाठोडे जरा आपल्याकडे ओढून घेतले. बाईंचे तिच्याकडे लक्ष नव्हते. त्या मान वर करून पाहत होत्या, जिथे रिंग नव्हती तिथे. पाहतच राहिल्या. चेंडू कडेवर फिरत असला पाहिजे.

तो आत गेला की नाही, हे कळण्यापूर्वी आमची बस सुटली.